मास्तरांनी गाळलेलं पाणी

गुरुशांतप्पा मास्तरांइतका पोकळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. आळंदकडच्या आमच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो आणि ते विज्ञान, पण चिखल दिसला की धोतर उचलून नाक मुरडायचे. आणि ह्याच गृहस्थांनी १९५३ साली जंतूची नवी जात शोधली म्हणे!

शोधली शिपाई काशप्पाने. निंबर्ग्याकडच्या एका तळ्याला सडक्या अंड्यांचा वास यायचा. तिथल्या काळ्या गाळावर त्याला केसाहून बारीक पांढरे धागे दिसले. बाटलीत घालून तो ते शाळेत घेऊन आला. मायक्रोस्कोपखाली धाग्यांत गंधकाचे कण चमकले. त्या घाण वासावरच जगणारा जीव होता तो. वर्षभर काशप्पा पाणी आणायचा, काचेत डोळा घालून धागे कसे सरकतात ते सांगायचा. मास्तर खुर्चीत बसून लिहून घ्यायचे. अकरा पानांच्या वर्णनात काशप्पाचं नाव एकदाही नाही. चित्रं मी काढली, माझंही नाही. पण ते जाऊ द्या.

ते वर्णन वाचून हैदराबादच्या एका प्राध्यापकांनी कळवलं: जात नवी वाटते, जिवंत नमुना पाठवा, मग नाव मान्य करू. काशप्पाने गाळासकट बाटली आणली. मास्तरांनी बूच काढलं आणि तोंड वाकडं केलं.

"एवढ्या मोठ्या माणसाला असलं घाण पाठवायलास?"

पूजेचं पाणी गाळावं तसं त्यांनी ते चौपदरी फडक्यातून स्वतः गाळलं. मी म्हणालो, "मास्तर, धागे फडक्यातच राहिले." ते म्हणाले, "तुम्ही तुमच्या चित्रकलेचं बघा." नितळ पाणी हैदराबादला गेलं, फडकं धुण्यात.

महिन्याने पत्र आलं: पाणी पिण्याजोगं आहे, जंतू एकही नाही. पुन्हा पाठवा आणि नमुना कसा भरला तेही लिहा.

काशप्पा दुसऱ्याच दिवशी भरलेली बाटली घेऊन हजर. पण आपण गाळलं हे कबूल करतील तर ते मास्तर कसले! त्यांनी सरळ लिहून टाकलं, तळं आटलं.

"ओत ते," ते काशप्पाला म्हणाले.

"मग ह्याला नाव पडायचंच न्हाई व्हय, मास्तर?"

"ओत म्हणलं न्हाई का?"

काशप्पाने माझ्याकडे पाहिलं. प्राध्यापकांचा पत्ता समोरच्या पाकिटावर होता, मला तो वाचताही येत होता. मी मान खाली घातली आणि काशप्पाने बाटली ओतली.