दर मिनिटाची मोजणी

खरा आकडा मागणंच चूक ठरू शकतं, असं कोणी सांगितलं तर तुम्ही ऐकून घ्याल का? मी घेतलं नसतं. आमच्या धुळ्याच्या घरात मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. वडील कामगारांची पत्रकं काढायचे, आम्ही बहिणी जेवणं झाली की घड्या घालायला बसायचो. पुढे मी लिहायला लागले तेव्हा सगळं खरं आहे ना, एवढंच ते प्रत्येक मजकुरावर आपल्या अहिराणीत विचारायचे, "बठ्ठं खरं शे ना, माय? मंग छापी टाक."

माझी नोकरी जळगावला. सकाळची एसटी, पारोळ्याला चहा, मग जळगाव. रावेर तालुक्यातल्या केळीच्या पॅकिंग केंद्रांचं संगणकाचं काम आमची कंपनी बघते. ट्रक भरला की केंद्रातली ऑपरेटर खोक्यांची संख्या, मालाची प्रत आणि गाडीचा नंबर भरते. ती नोंद जळगावच्या आमच्या सर्व्हरवर येते आणि तिकडे गेटपास छापला जातो. पास नसेल तर ट्रक फाटकाबाहेर पडत नाही. सर्व्हर नीट चालतो की नाही हे बघणं माझं काम.

होळीनंतरच्या एका बैठकीत साहेबांनी माझा मेमरीचा तक्ता हातात घेतला आणि मोबाइलवर बेरीज केली.

"मॅडम, मशीनमध्ये मेमरी चौसष्ट जीबी. तुमच्या कागदावर वापरली नव्वद. वरची सव्वीस शेजाऱ्याकडून आणली का?"

सगळे हसले. मी सांगितलं, की मेमरीचा काही भाग अनेक प्रोग्राम मिळून वापरतात आणि साध्या तक्त्यात तो प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा धरला जातो.

"म्हणजे हा खोटा आकडा. मला खरा पाहिजे."

मला राग यायला हवा होता. पण मला आनंद झाला. खरा आकडा मागणारा साहेब मला पहिल्यांदाच भेटत होता.

दोन दिवसांत मी स्क्रिप्ट लिहिली, खरी मेमरी आपोआप मोजणारा छोटा प्रोग्राम. कर्नेल हा मशीनमधला मुळातला कारभारी, कोणाला किती मेमरी द्यायची ते तो ठरवतो. त्याला ढोबळ विचारलं तर तो जवळची टिपणं बघून लगेच सांगतो. नेमकं विचारलं तर त्याला त्या प्रोग्रामच्या मेमरीचं पान न् पान तपासावं लागतं, कोणतं एकट्याचं, कोणतं किती जणांत वाटलेलं. तेवढा वेळ त्या प्रोग्रामने नवी जागा मागितली तर त्याला ताटकळत ठेवलं जातं. हे मी वाचलेलं होतं. एवढ्याने काय होतंय, असं मला वाटलं.

आमच्या ऑफिसात दुसऱ्याच्या तक्त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. साहेबांना तो अहवाल हवा होता, मालाचा विभाग बघणाऱ्यांना हवा होता, वाहतूकवाल्यांनाही हवा होता, आणि प्रत्येकाला स्वतःचा, स्वतःच्या खात्यावरून काढलेला. दर मिनिटाला. म्हणजे तीच मोजणी तीनदा. एक फेरी संपायच्या आत पुढची सुरू होऊ लागली. नोंदी रेंगाळतात अशा तक्रारी आल्या तेव्हा साहेब म्हणाले, "लक्ष वाढवा. अर्ध्या मिनिटाला करा." मी केलं.

रावेरच्या सर्वांत मोठ्या केंद्रावरच्या ऑपरेटरला सगळे अक्का म्हणत. नवरा गेल्यावर त्या या कामाला लागल्या, मुलीचं शिक्षण त्याच पगारावर चाललेलं. दुपारी त्यांचा फोन यायचा, मागे ट्रकांचे हॉर्न.

"पोरी, चक्रीच फिरू राह्यली. बटण दाबून पाणी पिऊन आली, तरी फिरूच राह्यली."

मागून कोणी ड्रायव्हर ओरडायचा, "अक्का, पास द्या नाहीतर गाडीतच शिकरण होईल! दूध घेऊन या!"

"तूच घेऊन ये, मेल्या, साखर मी घालते," अक्का त्याला सुनवायच्या आणि मला म्हणायच्या, "मले खरं सांग, माझं काही चुकतंय का?"

"तुमचं नेट बघा, अक्का," मी सांगायचे. दोन महिने मी हेच सांगितलं.

मग बैठकीत केंद्रनिहाय वेळा निघाल्या. अक्कांच्या सर्वांत वाईट. सोबत माझा अहवाल जोडलेला होता. त्यात मेमरी भरपूर शिल्लक दिसत होती. तो खराच होता. त्यावरून ठरलं की मशीन ठणठणीत आहे, तेव्हा माणूसच संथ आहे. पुढच्या एक तारखेपासून येऊ नये, असं पत्र अक्कांना गेलं.

एक तारखेला पाच दिवस होते. प्रत्येक केंद्राची जोडणी आमच्या सर्व्हरवर एक वेगळा प्रोग्राम म्हणून चालते. त्या संध्याकाळी मी अक्कांच्या जोडणीची मोजणी हाताने करून पाहिली. अकरा सेकंद. तेवढ्या वेळात त्यांची नोंद जागची हलली नाही, आणि अर्ध्या मिनिटात अशा तीन मोजण्या होत होत्या. बाकीच्या ऑपरेटर ट्रक गेला की जोडणी बंद करायच्या. अक्का शिकवल्याप्रमाणे सकाळी सातला उघडायच्या आणि दिवसभर चालू ठेवायच्या. त्यामुळे दिवसभरात त्यांच्या जोडणीच्या नावावर सर्वांत जास्त पानं चढायची, आणि मोजणी सर्वांत लांब त्यांचीच चालायची. नियम पाळणारी बाईच त्यात अडकली होती.

मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"स्क्रिप्ट एक तारखेला बंद कर. गुपचूप. पत्र गेलंय, ते आता मागे येत नाही."

"पण साहेब, नवी ऑपरेटर आली आणि त्याच दिवशी सगळं वेगाने चालायला लागलं, तर अक्काच संथ होत्या असं होईल."

"आणि आज बंद केलीस तर स्क्रिप्ट कोणी लिहिली हे विचारतील. सांगशील?"

मी सांगितलं नाही. मी, जिने चौकात उभं राहून पत्रकं वाटली, ती दोन दिवस गप्प राहिले. चालू ठेवावी तर ट्रक उन्हात उभे, एक तारखेला बंद करावी तर अक्कांवर शिक्का. एसटीत खिडकीशी बसून मी उलटसुलट विचार करायचे आणि जळगावला उतरले की मुकाट जिना चढायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिन्ही मोजण्या बंद केल्या. दहा मिनिटांत अक्कांचा फोन.

"काय केलं गं? पास असा निघू राह्यला की कागद लावायला हात पुरेना!"

मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी मागच्या ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. मग म्हणाल्या, "दोन महिने तू मले नेट बघायला लावलं." आणि फोन ठेवला.

मी एक पानी कबुली लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "दीड दिवसाचा वेग म्हणजे पुरावा नाही, माल कमी असेल." जुन्या नोंदी बघायचा माझा अधिकार दुसऱ्याच दिवशी काढून घेतला. मी अजून त्याच खुर्चीवर आहे. अक्का घरी आहेत, नवी ऑपरेटर झपाट्याने पास काढते आहे, आणि तिचं कौतुक बैठकीत माझ्यासमोर होतं.

म्हणून ज्यांनी रावेरहून केळीचा ट्रक नेला आहे, त्यांना माझी विनंती. पासावर गाडी भरून झाल्याची वेळ असते आणि पास छापल्याची वेळही. गाडीच्या कप्प्यात होळीआधीचा एखादा पास सापडला, तर फेकू नका. अक्का तेव्हा किती झटपट पास देत होत्या, ते त्यावर छापलेलं आहे. त्याची झेरॉक्स काढा, अक्कांना कामावर परत घ्या असं खाली दोन ओळींत लिहून सही करा आणि केंद्राच्या ऑफिसात द्या. देताना पोच घ्यायला विसरू नका.