ऱ्हस्व की दीर्घ

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हातातला चहा निवून जातो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही. आता तिला काय सांगायचं, की एका इंग्रजी शब्दातल्या वेलांटीवर अडकलोय म्हणून!

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. शेंद्र्याला नवे कारखाने उभे राहत होते, आणि क्रांती चौकाच्या आसपास जिकडं पाहावं तिकडं इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. ज्यांचा या प्रकरणाशी संबंध आला त्यांची नावं मी घेणार नाही. त्यातले काही जण अजून याच शहरात राहतात.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एक तरुण आपल्या बहिणीला घेऊन ठाण्यात आला. करमाडकडचं शेतकरी घर, हा कारखान्यात सुपरवायझर, राहायला शहरात भाड्याच्या खोल्यांत. बायको कालपासून घरी नाही, अशी त्याची तक्रार होती. ठाणे अंमलदारानं मिसिंगची नोंद घ्यायला सुरुवात केली. उंची, रंग, अंगावरची साडी, सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. माझा अनुभव असा, की ज्याचं माणूस खरंच हरवलंय त्याला साडीचा रंग आठवत नाही. तो आधी दवाखान्यांची चौकशी करतो. या गड्यानं तोंड उघडलं तेच "ती पळून गेली" असं म्हणत.

"कोणाबरोबर?" मी विचारलं.

"ते तुम्ही शोधा साहेब. इंग्रजीच्या क्लासला जायला लागली अन् डोकं फिरलं तिचं."

"क्लासला घातलं कोणी?"

"मीच घातलं. कंपनीतल्या साहेब लोकांच्या बायका फाडफाड इंग्रजी बोलायल्यात. हिला चारचौघांत तोंड उघडता येत नव्हतं. लाज वाटायची मला."

बहीण खाली मान घालून उभी होती. ती क्लासला रोज भावजयीसोबत जायची, तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बसायची आणि तिला घेऊनच परत यायची. मी विचारलं, "सोबत कशाला?" उत्तर भावानंच दिलं. "शहर हाय साहेब. एकटी कशी सोडायची?"

दुपारी मुलीचा बाप लासूर स्टेशनहून आला. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. त्याला बसायला खुर्ची दिली तर तो जमिनीवरच बसला.

"साहेब, माझी लेक पळून जाणारी नाय. लई भित्री हाय ती. दिवाळीलाबी पाठवली नाय त्यांनी तिला. फोन केला तर नणंद बाजूला उभी. बाबा बरी हाय, एवढंच बोलायची अन् ठेवून द्यायची."

बाप तर असंच म्हणणार, असं आमच्या हवालदाराचं मत पडलं. हा हवालदार जुन्या शहरातला, अर्धं मराठी अर्धं दखनी बोलणारा. मी म्हटलं, चल, आधी क्लास पाहू.

क्लास एका दुकानाच्या माडीवर होता. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या आतबाहेरच्या, कारकुनी पेशातल्या जुन्या शहरी घरातल्या, स्वच्छ बोलणाऱ्या. फळ्यावर ठळक अक्षरांत 'नेहमीच्या चुका' असं लिहिलेलं होतं. एका विद्यार्थ्यानं आपलं घर मंदिराच्या मागं आहे हे सांगताना 'माय बॅकसाइड इज अ टेंपल' म्हटलं होतं, ते बाईंनी उदाहरण म्हणून लिहून ठेवलं होतं. संध्याकाळी भेटल्यावर 'गुड नाइट' म्हणू नये. चुलतभावाला 'कझिन ब्रदर' म्हणू नये. मी स्वतः उभ्या नोकरीत वरिष्ठांना 'गुड नाइट सर' म्हणत सलाम ठोकला होता, त्यामुळं फळ्याकडं पाहून जरा ओशाळलो.

बाईंना त्या मुलीचं कौतुक होतं. कमी बोलायची, पण मन लावून शिकायची. काही वेगळं जाणवलं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात 'मला काय हवं आहे' हा पाठ होता. प्रत्येकानं उठून एक वाक्य बोलायचं. तिची पाळी आली तेव्हा तिनं क्लासमधून निघायची परवानगी मागितली. मला जायचंय, प्लीज, म्हणाली. चेहरा उतरलेला होता. बरं नसेल, असं मला वाटलं."

हवालदारानं जबाबात लिहिलं, 'मला जायचे आहे असे ती म्हणाली.' नवरा म्हणतो पळून गेली, बाई म्हणतात तिला जायचं होतं. दोन्ही टोकं जुळत होती. आम्ही रेल्वे स्टेशन पाहिलं, बसस्टँड पाहिलं, लॉजवाल्यांना दम दिला. काही हाती लागलं नाही. बाप मात्र रोज येऊन ठाण्याच्या पायरीवर बसायचा. "कायी कळलं का साहेब?" एवढंच विचारायचा.

मग करमाडकडून खबर आली. नवऱ्याच्या शेताशेजारचा एक शेतकरी बाजाराला आला होता. चहाच्या टपरीवर त्यानं आमच्या हवालदाराला गाठलं आणि सांगितलं, "गहू ओंबीवर आलाय. लाईट आली की आम्ही सगळे मोटार चालू करायला पळतोय. अन् हा सुपरवायझर मोटार बंद ठेवायलाय. गहू पिवळा पडाय लागला, तरी विहिरीकडं कोणी फिरकत नाय."

बांधाला बांध लागलेला शेजारी काही सांगतो तेव्हा त्यातलं निम्मं वैर असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण उभ्या पिकाबद्दल शेतकरी सहसा खोटं बोलत नाही. हवालदार म्हणाला, "साब, अपने को बात हजम नै हो री." मलाही होत नव्हती. मी नवऱ्याला चौकशीसाठी बोलावून घेतलं.

चौकशीत गुन्ह्याचं नाव शेवटी काढायचं, ही माझी पद्धत. आधी पीकपाणी, सोयरेधायरे, कंपनीतली पाळी. त्याला चहा दिला आणि विचारलं, "गहू कसा आहे?"

"बरा हाय."

"पाणी?"

"मोटार जळलीय साहेब."

"भरायला कोणाकडं दिली?"

मोटार जळली की ती भरून देणारा कारागीर कोण, हे शेतकऱ्याला झोपेतही सांगता येतं. यानं आधी एका गावाचं नाव घेतलं, मग दुसऱ्या. मी विषय बदलला. बायकोशी पटत होतं का, विचारलं. तो आधीच घाबरलेला होता, त्यात चिडला. चिडलेला माणूस खरं बोलून जातो.

"कसं पटणार? कंपनीतल्या बाईवरून रोज तोंड वाजवायची. मी सरळ सांगितलं, सोडचिठ्ठीवर सही करून मला मोकळा कर अन् कायमची बापाकडं जा, तोवर माहेर बंद. किती येळा सांगितलं! पण जायलाच तयार नव्हती ती!"

लिहिणाऱ्या हवालदाराचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. बोलणाऱ्याला मात्र आपण काय बोललो हे कळलं नव्हतं.

त्याला बसवून ठेवलं. विहीर उपसायची तयारी करा, असा निरोप करमाडला धाडला. शेतीची लाईट संध्याकाळी यायची होती. मधल्या वेळात मी पुन्हा क्लासवर गेलो. जी बाई हाकलूनही घर सोडायला तयार नव्हती, ती चारचौघांत उठून मला जायचंय असं का म्हणेल? खरं सांगतो, तोवर माझ्या मनात आशा होती. एखाद्या मैत्रिणीनं तिला लपवून ठेवलं असेल, ती कुठंतरी सुखरूप असेल, असं वाटत होतं.

तास चालू होता. मी बाईंना म्हटलं, "अर्थ नको. तिनं जे शब्द वापरले तेच सांगा."

त्यांनी इंग्रजी वाक्य म्हणून दाखवलं, 'आय वाँट टू लीव्ह, मॅडम. प्लीज.' औषधाच्या दुकानात काम करणारा एक विद्यार्थी पुढच्या बाकावर होता. तो चाचरत म्हणाला, "मॅडम, ती लीव्ह नव्हती म्हणाली. लिव्ह म्हणाली होती."

"अरे, तुम्ही सगळेच लीव्हला लिव्ह म्हणता. नेहमीचीच चूक आहे ती."

"पण तिचं बरोबर यायचं मॅडम. तुम्हीच तिला उभं करून आम्हाला ऐकवलं होतं."

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. मला दोन्ही शब्द एकसारखेच ऐकू आले होते.

"बाई, फरक काय आहे?"

"दीर्घ म्हणजे निघून जाणं, साहेब."

"आणि ऱ्हस्व?"

"जगणं."

मी उभ्या उभ्या ते वाक्य मनात लावून पाहिलं. मला जगायचंय, मॅडम. प्लीज. नणंद तिला क्षणभर एकटी सोडत नव्हती. माहेरी फोन करावा तर तीच शेजारी. मराठीत ब्र काढायची सोय नव्हती. नणंदेला कळणार नाही अशी एकच भाषा तिच्याजवळ होती, तीही नवऱ्यानंच शिकायला लावलेली. त्या भाषेत तिनं जीव वाचवा म्हणून सांगितलं होतं.

महिला पोलिसांना सोबत घेऊन मी तसाच नणंदेकडं गेलो. त्या वाक्याचा अर्थ तिला सांगितला.

"मला इंग्रजीतलं काय कळतंय साहेब! रस्त्यानं मी विचारलं, काय बोललीस गं? ती म्हणली, घरी जाऊ का विचारलं." मग ती रडायला लागली आणि रडता रडता सगळं ओकली. भाऊ बायकोला जिवे मारायची धमकी देत होता, ते तिनं ऐकलं होतं. शेतावर चल म्हणून तो तिला मोटारसायकलवर घेऊन गेला आणि एकटाच परत आला. बायको पळून गेली असंच सांगायचं, अशी तंबी त्यानं बहिणीला दिली होती.

संध्याकाळी लाईट आली. जळलेली म्हणून सांगितलेली मोटार पहिल्याच झटक्यात सुरू झाली. पाणी खाली गेलं आणि ती सापडली. तिच्या बापाला मी पायरीवरून उठवून आत नेलं आणि स्वतः सांगितलं. पोलिसांच्या नोकरीत याहून अवघड काम नाही. तो माणूस ओरडला नाही. "मी तिला म्हणलो होतो साहेब, सासरच्यांचं ऐकत जा," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

खटला उभा राहिला. शवविच्छेदनाचा अहवाल आणि बहिणीची साक्ष यांवर आरोपीला शिक्षा झाली. कायद्याच्या दृष्टीनं त्या वाक्याला फारसं वजन नव्हतं. तरी क्लासच्या बाई साक्षीला आल्या. आरोपीचे वकील हुशार होते. त्यांनी विचारलं, "शिकणाऱ्यांना हे दोन शब्द सारखेच वाटतात, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"आपण स्वतः त्या दिवशी ही चूकच समजलात?"

"हो."

"म्हणजे ती चूक असू शकते."

बाईंनी न्यायाधीशांकडं पाहिलं. "नाही साहेब. तिचं वाक्य बरोबर होतं. मी ते दुरुस्त केलं. मी म्हटलं, अशी परवानगी मागत नाहीत, 'मे आय लीव्ह' म्हणायचं, 'ली' दीर्घ. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी पुन्हा म्हणायला लावलं. मग ती बोलली, 'मे आय लीव्ह, मॅडम?' मी म्हटलं, 'व्हेरी गुड, यू मे गो.' कुणी वाक्य सुधारलं की आमच्याकडं टाळ्या वाजवतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ती गेली."

वकिलांनी कागद मिटले आणि ते खाली बसले.

बाईंना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्या मास्तरीण होत्या, चुका काढणं हे त्यांचं काम होतं आणि ते त्या जीव ओतून करत होत्या. आम्ही तरी वेगळं काय करतो? गरीब माणूस ठाण्यात येऊन आपल्या बोलीत काही सांगतो आणि आम्ही ते सरकारी मराठीत नीटनेटकं करून लिहितो. त्याचे शब्द जातात, आमचे राहतात. या प्रकरणानंतर मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला बजावत आलो, की जबाब घेताना कुणाची भाषा सुधारायची नाही. माणूस अडखळला तर थांबायचं, चुकलासं वाटलं तर त्यालाच विचारायचं, की बाबा, तुला काय म्हणायचंय? त्यामुळं पुढं काही प्रकरणांत खरं लवकर हाती लागलं, दोघातिघांवरचा नाहक आळही टळला.

तिच्या काही ते उपयोगी पडलं नाही. तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.