ढालकिड्याचं पोर

पौषातली सकाळ. सुरतेच्या मानाने गारठा बरा होता. सुंदराबाई तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन गच्चीवर गेल्या आणि सिमेंटच्या गोण्यांत लावलेल्या वांग्यांना तांब्या-तांब्या घालू लागल्या. बी शिरपूरकडचं, फळ हिरवं-पांढरं, भरताचं. बाजारातल्या जांभळ्यांना त्या वांगी म्हणतच नाहीत. संक्रांतीनंतरच्या रविवारी लेकीचे, गायत्रीचे, सासू-सासरे भरीत खायला येणार होते, आणि बाईंनी फोनवर छाती ठोकून सांगितलं होतं, ‘‘घरना वांगा शेत!’’

एक पान उलटलं नि हात थांबला. खालून माव्याने, रस शोषणाऱ्या बारीक किडीने, नुसतं लदबदलेलं.

चिंधा, त्यांचे यजमान, पॉवरलूमचे सांचे म्हणजे माग चालवतात. पण हात अजून गावाकडच्या कपाशीवाल्याचा. किडा दिसला की पंप. माव्याचं कळताच तो पाठीला लावून वर आले. ‘‘सरक व, एक हात फवारी देस.’’

‘‘मांगला साल फवारं ना? मावा मरना, त्याले खाणारा बी मरनात. मंग एकटा मावाच दुप्पट उना.’’

‘‘आनि व्याहीसले काय वाढशी? पानं?’’

बाईंनाही फोनवरचा शब्द आठवला. तरी त्यांनी चिंधांच्या पाठीवरचा पंप खाली उतरवला.

तीन-चार दिवसांनी चिंधा ओरडले, ‘‘हाई दुसरी बला!’’ पानावर काळे, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचे किडे. दोन त्यांनी चिरडलेही.

‘‘मारू नका ना! ढालकिडाना, त्या लाल ठिपकावाला भुंगाना पोऱ्या शे तो!’’ बाईंनी हातच धरला.

दोघं उकिडवे बसून बघू लागले. किडा एकामागून एक मावा गट्टम करत चालला होता.

‘‘इतला खास, तरी एवढासाच?’’

‘‘तुम्ही पाच भाकरी खातस, पोट दिसस का? चालामा-फिरामाच समदं जिरी जास. उन्हाचं बळ पानात, पानातलं माव्यात. ज्याच्या त्याच्या पोटात बरंचसं खर्चून, पुढच्याला चिमूटभर. म्हणून तर एका किड्याला इतला मावा लागस.’’

तेवढ्यात तारेवरून दयाळ पक्षी झेपावला आणि किड्याचं एक पोर उचलून घेऊन गेला. चिंधा टाळी वाजवून त्याला हुसकायला उठले.

‘‘राहू द्या, त्यालेबी भूक शे.’’

दिवस जात गेले. पानं हळूहळू मोकळी झाली, फळं फुगली. रविवारी गच्चीवर कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला. व्याह्यांनी दुसऱ्यांदा भरीत मागितलं, तिसऱ्यांदा न मागता घेतलं.

विहीणबाईंनी विचारलं, ‘‘औषध कोनतं मारं वं?’’

‘‘गडी लावले होते,’’ चिंधाच आधी बोलले, ‘‘काटेरी! पंप मी मारनार व्हतो, हिनी थांबाडं.’’

बाई पदराआड खुदकन हसल्या. खालून कुणीतरी हाक मारली, नळाला पाणी आलं. भरीत व्याह्यांपुढे सरकवून सुंदराबाई हंडा घेऊन जिना उतरू लागल्या.