घाई नाय, आबा

पोलादपूरच्या बेकरीत काउंटरवर एक मुलगी बसते. स्पीच थेरपिस्ट व्हायचं म्हणून ती ऑनलाइन शिकते. मोबाइल टोस्टच्या बरणीला टेकवलेला असतो आणि गिऱ्हाईक नसलं की ती काचेत स्वतःचे ओठ बघत 'प, फ, ब' घोकते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

अर्धांगाचा झटका आल्यापासून वडिलांना शब्द सापडत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मीच बोलतो. परवा त्यांना घेऊन गेलो आणि नेहमीसारखी ग्लुकोजची बिस्किटं मागितली.

"दादा, तुम्ही नका बोलू," ती म्हणाली. "आबा, काय देऊ? घाई नाय."

मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली. ती जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने वडील म्हणाले, "खा... खारी."

वर्षभर मी त्यांना बिस्किटंच खाऊ घालत होतो.