निशांतच्या पानाची उजवी बाजू

बन्नीमंटपला आमच्या शेजारी राहणारी विशालाक्षी पंगतीत वाढायची, तेव्हा पान बघत राहावंसं वाटे. जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद. इथल्या कानडी मुलखातल्या जुन्या मराठी घरांतली मुंज तिच्याशिवाय पार पडत नसे.

यंदा तिला पक्षाघात झाला. हातपाय पुष्कळ सुधारले, पण डावीकडचं जग तिच्या लेखी उरलं नाही. डोळे चांगले आहेत, मेंदूचं तिकडे लक्षच जात नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती अर्धेच केस विंचरी. ताटातलं उजवीकडचं तेवढं खाई आणि मला म्हणे, "जानकीताई, चटणी नाही वाढलीत? माझ्या सासूच्या वरताण निघालात!" मी ताट फिरवलं की, "अय्यो, आत्ता आणलीत होय!"

फिजिओथेरपीच्या मुलीने ताटाच्या डाव्या कडेला लाल फीत चिकटवली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची. रोज घोकून घोकून ते विशालाक्षीला जमू लागलं.

तिचा मुलगा निशांत शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिनकलला राहतो. एकदा तिची डावीकडची शेगडी पेटतीच राहिली, तेव्हापासून तो हे घर बंद करून तिला तिकडे न्यायचं म्हणत होता.

"सुम्ने, उगाच घाबरतोस," ती म्हणाली. "रविवारी ये. माझ्या हातचं जेव, मग बोल."

"बरं. नीट जमलं तर विषय संपला," तो म्हणाला.

रविवारी तिने त्याची आवडती वांग्याची भाजी केली. केळीचं पान मांडून समोर उभी राहून वाढलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जागच्या जागी. भातावर वरण, तूप. पण समोरून वाढणाऱ्याची डावी बाजू ती जेवणाऱ्याची उजवी. ती कोरीच राहिली. भाजीचं पातेलं तिच्या डाव्या हाताशी तसंच होतं. फीत तिच्या ताटाला होती. या पानाला लावायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी बोलणार, तोच निशांतने मला मानेनेच नको म्हटलं.

"भाजी कशी झालीय रे?"

"छान, आई."

तो चटणीशी भात कालवून जेवला, आणि उठून तिच्या साड्या बॅगेत भरू लागला.

गाडीत बसताना तिने माझा हात धरला. "जानकीताई, भाजी छान झाली म्हणाला ना? मग का नेतोय?"