उत्तम मिस्त्रीनं सांगितलं होतं

उत्तम मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतेत, पर्वत पाटिया भागातल्या माझ्या दुकानात एका व्यापाऱ्याशी साड्यांच्या भावावरून हुज्जत घालत होतो. फोन ठेवला, आणि सौदा ठरेपर्यंत जागचा उठलो नाही. दीड महिना झाला. ते आधी लिहून टाकतो.

आम्ही दोघं खानदेशातून एकदमच सुरतेला आलो, एकाच कारखान्यात लूम चालवले. पुढे मी कापडात शिरलो, त्यानं गोडादऱ्यात गॅरेज टाकलं. हौस मात्र एकच, जुन्या गाड्यांची. माझी अ‍ॅम्बेसेडर, त्याची पद्मिनी. लग्नसराईत दोन्ही नवरदेवासाठी भाड्यानं जायच्या, आणि सरस कोणती यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. माझं इंजिन चौदाशे एकोणनव्वद सीसीचं, त्याचं एक हजार एकोणनव्वद. गिअर दोघींचे चारच, स्टिअरिंगच्या दांड्यावर. माझ्या मागच्या सीटवर नवरदेव, करवली आणि मामा ऐसपैस बसत. "तुझ्या डबीत नवरदेवाचा फेटा तरी मावतो का?" मी म्हणायचो. तो हात पुसत अहिराणीत म्हणायचा, "गोकुळ, तुनी पळस, मनी चालस." तुझी पळते, माझी चालते. वरातीत गाडीला बँडमागे माणसाच्या पावलानं, तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये सरकायचं असतं. रेडिएटरला वारा लागत नाही. तिथे ताकद नाही, थंड राहणं कामाचं. त्याची हलकी गाडी त्यात माझ्या गाडीला भारी पडायची... हे मला कळायचं, म्हणून जास्तच चिडायचो.

नऊ वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर त्यानं माझी गाडी तपासली. "रेडिएटर चोंदलाय. बदल, नाहीतर वरातीला काढू नको." मला वाटलं, मिस्त्री काम काढतोय. "पाणी भर आणि दे," म्हणालो. चारच दिवसांनी, त्याच्याच गल्लीत, भर वरातीत बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि गाडी बंद पडली. नवरदेव उतरून पायी निघाला, मुलीकडचे हसले, नवरदेवाचा बाप माझ्या अंगावर धावून आला. गर्दीत मला उत्तम दिसला. त्याच्याकडे बोट करून मी ओरडलो, "याला विचारा! यानंच बनवलीय गाडी!" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग गाडी ढकलायला खांदा लावला.

त्यानंतर वरातीवाल्यांनी त्याला काम देणं बंद केलं. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा एवढंच म्हणाला, "दुसरा मिस्त्री बघ." त्या तीन शब्दांचा राग मी नऊ वर्षं पोसला. बरोबरीनं आलेला माणूस मला दारातून परत पाठवतो, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलो. रेडिएटरचं कधी सांगितलं नाही.

तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "माणूस सोन्यासारखा, पण त्या वरातीत हात चुकला बिचाऱ्याचा." दारात त्याची बायको, इंदूवहिनी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानातला लाडू मोडत राहिलो.

काल हे इथपर्यंत लिहिलेलं घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गॅरेजचं शटर उघडलं. भिंतीवर त्याचे पाने मापानं टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत, एकही जागचा हललेला नाही. मी त्यांच्यासमोर उभा राहून वाचू लागलो. दोन ओळी झाल्या नसतील, वहिनी म्हणाल्या, "आत नको, गोकुळभाऊ. ओरडला होता तुम्ही गल्लीत. वाचायचं तर गल्लीत वाचा."

मी बाहेर आलो. ओट्यांवर बसलेली माणसं बघू लागली. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.