जावयाचा वजीर

बुद्धिबळानं माणसाची अक्कल वाढते, असं म्हणणाऱ्याला मी आमच्या अहमदपूरच्या घरी आणून बसवायला तयार आहे. एका बाजूला माझे वडील आप्पा, दुसऱ्या बाजूला माझा नवरा, मध्ये पट, आणि मुद्द्याचं बोलायची हिंमत दोघांतल्या एकातही नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते. रजा संपत आली होती. नांदेडच्या शाळेत वेळेवर हजर झाले नाही तर माझे वर्ग दुसऱ्याला देऊन टाकू, असं मुख्याध्यापकांनी फोनवर बजावलं होतं. आप्पांना सांगितलं की ते म्हणायचे, "न्यायला येणारा येईल, त्याच्याशी बोलू. तुला काय घाई हाय?"

न्यायला येणारा दर रविवारी येत होता. चहा झाला की आप्पा पट मांडायचे. "पाहुणे, एक डाव होऊन जाऊ द्या."

आणि हा शहाणा एक प्यादं सरकवून लगेच वजीर बाहेर काढायचा. कुठल्याशा व्हिडिओत त्यानं चार चालींत मात पाहिली होती. आप्पा शांतपणे वजिराच्या अंगावर घोडा घालायचे. वजीर पळायचा. आप्पा दुसरा घोडा काढायचे, वजीर परत पळायचा. याची बाकीची फौज घरातच झोपलेली, आप्पांची सगळी मैदानात. वजीर मेला की याचं तोंड उतरायचं. हरलेल्या तोंडानं सासऱ्याकडं बायकोचा विषय कसा काढायचा, असं वर मलाच सांगायचा, आणि संध्याकाळच्या एसटीनं एकटाच नांदेडला जायचा. मला त्याचा इतका राग यायचा की बाळाला थोपटतानाही हात जड पडायचा.

शेवटी मीच त्याला शिकवायला घेतलं. दुपारी बाळ झोपलं की व्हिडिओ कॉल. मधली घरं प्याद्यांनी धरा. मग घोडे, मग उंट. एकच मोहरं पुन्हा पुन्हा नाचवू नका. किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात ठेवा. वजिराला तोवर हात लावाल तर याद राखा. हे सगळं मला लहानपणी आप्पांनीच शिकवलं होतं. मी जिंकायला लागले, तसा त्यांना मोंढ्याच्या बाजारातून घरी यायला उशीर होऊ लागला, आणि आमचा खेळ बंद पडला.

रजेतल्या शेवटच्या रविवारी नवऱ्यानं सगळं सांगितल्यासारखं केलं. घोडे निघाले, उंट निघाले, राजा कोपऱ्यात गेला. आप्पांचा हात पहिल्यांदाच हवेत थांबला. मी आत बॅग भरली. आईनं डिंकाचे लाडू डब्यात घातले, बाळाला काजळाची तीट लावली. बाहेरून कुणी हाक मारेल म्हणून आम्ही दोघी वाट बघत बसलो. हाक आली ती फक्त चहासाठी.

गाडीची वेळ झाली तेव्हा बाळाला घेऊन मी बाहेर आले. "निघायचं ना?"

नवऱ्यानं मान वर केली नाही. "थांब जरा. जिंकून राहिलो मी."

"उद्या शाळेत हजर व्हायचंय मला."

"मग आप्पांना विचारलंस का?"

मी आप्पांकडं पाहिलं. ते पटाकडं बघत म्हणाले, "मला काय विचारती? पाहुण्यांना विचार. तुझा मालक हाय त्यो."

आणि दोघंही पुन्हा पटावर वाकले. त्यांचा काही वाद नव्हताच. इतके रविवार माझ्यावरून दोघांत झुंज चाललीय असं समजून मी एकाला दारूगोळा पुरवत होते. या दोघांच्या डोक्यात त्या पटापलीकडं काही नव्हतं, मी तर नव्हतेच. माझ्या हातात बाळ नसतं तर मी तो पट अंगणात फेकला असता.

आई रिक्षा बघायला गेली. बाळाला घेऊन मी एकटीच एसटीत बसले. वाटेतलं लोहा गाव मागं पडल्यावर नवऱ्याचा फोन आला. जिंकलो, म्हणाला. मी फोन ठेवून दिला. रात्री नांदेडच्या घरी बाळाला सासूबाईंजवळ झोपवलं, साडीला इस्त्री केली. सकाळी पहिल्या तासाला मी वर्गात होते, आणि मी कुणालाही विचारलं नव्हतं.